पहिली वाट पाडणारे : डॉ. प्रफुल्लकुमार सेन

आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिकात संत, कवी, समाजसुधारक यांची चरित्रे यावीत अशी रीत आहे. त्यामुळे यंदा मी एका शल्यविशारदावर लिहिणार असे सांगितले, तेव्हा वर्गातल्या मित्रांना नवल वाटले. हा विषय विज्ञान शाखेच्या मुलांचा, असे एकदोघांनी सुचवलेही. मला तसे वाटत नाही. माणसाच्या देहात दुसऱ्या माणसाचा अवयव बसवावा की नाही, मेलेला कोणाला म्हणावे, अपयश ठाऊक असूनही पहिले पाऊल कोणी टाकावे, हे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासाला जितके शोभतात तितकेच शस्त्रक्रियेच्या खोलीतही उभे राहतात. आणि ज्यांच्याविषयी मी लिहितो आहे ते डॉ. प्रफुल्लकुमार सेन स्वतः कवी होते, चित्रकारही होते. तेव्हा आपल्या पानांवर त्यांचा हक्क थोडा तरी पोचतोच.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एक प्रश्न हमखास असतो. जगातले पहिले हृदयरोपण कोणी केले? उत्तर : डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड, केप टाउन, ३ डिसेंबर १९६७. त्याच्याच खाली दुसरा प्रश्न. भारतातले पहिले यशस्वी हृदयरोपण कोणी केले? उत्तर : डॉ. पी. वेणुगोपाल, दिल्ली, ३ ऑगस्ट १९९४. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण दुसऱ्या प्रश्नातला यशस्वी हा शब्द जरा निरखून पाहावा. त्या एका विशेषणामुळे मुंबईच्या परळ भागात १६ फेब्रुवारी १९६८ रोजी घडलेली एक मोठी घटना पुस्तकातून गळून पडली आहे. त्या दिवशी केईएम रुग्णालयात डॉ. सेन यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले. जगातले ते सहावे हृदयरोपण. बर्नार्ड, कांट्रोविट्झ आणि शमवे यांच्यानंतर हे धाडस करणारे सेन हे जगातले चौथे शल्यविशारद. रुग्ण सुमारे तीन तास जगला. या तीन तासांचा हिशेब कसा मांडायचा, हाच या लेखाचा विषय आहे.

सेन यांच्या कामाचे मोल कळायचे तर आधी अडचण काय होती ते समजून घेतले पाहिजे. तिची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातल्याच एका प्रसंगापासून करता येईल. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ कावसजी नावाच्या एका गाडीवानाचे कापलेले नाक पुन्हा घडवण्यात आले. तो इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकीत असे. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक कापले होते. वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली आणि नवे नाक उभे केले. लंडनच्या एका मासिकात १७९४ साली त्याची हकीकत चित्रासह छापून आली आणि युरोपातले वैद्य थक्क झाले. सुश्रुताच्या परंपरेतली ही विद्या होती. पण तिथे एक गोष्ट सोपी होती. कातडी त्याच माणसाची होती. आपली कातडी आपल्याला धरते. परक्याची धरत नाही. काही दिवसांत ती काळवंडते आणि गळून पडते.

असे का होते याचा उलगडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या सैनिकांवर उपचार करताना इंग्लंडमधील पीटर मेडावर यांनी केला. शरीर परक्याला ओळखते आणि रोगजंतूंवर तुटून पडावे तसे त्याच्यावर तुटून पडते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. १९६० चे नोबेल पारितोषिक त्यांना या क्षेत्रातल्या कामासाठी मिळाले. अमेरिकेत बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी २३ डिसेंबर १९५४ रोजी एका भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाला बसवले आणि ते टिकले. पण ते दोघे एकाच बीजाचे जुळे होते. शरीराला परका ओळखूच आला नाही. ज्याला जुळा भाऊ नाही त्याने काय करायचे, हा प्रश्न तसाच राहिला. शरीराचा हा विरोध दडपणारी औषधे १९६० नंतर कुठे हाती येऊ लागली होती, आणि तीही दुधारी. विरोध दडपावा तर रोगजंतूंना रान मोकळे, न दडपावा तर रोपलेला अवयव जातो.

या पार्श्वभूमीवर सेन यांच्याकडे पाहावे. त्यांचा जन्म १९१५ सालचा, बंगाली कुटुंबातला. पण त्यांचे शिक्षण आणि आयुष्याचे सारे काम मुंबईत, परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्याला जोडलेल्या केईएम रुग्णालयात झाले. या संस्थेची जन्मकथाही सांगण्यासारखी आहे. १९२६ साली ती सुरू झाली तेव्हा देणगीदारांनी अट घातली होती की येथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या वरच्या जागा तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. भारतीय माणूस वैद्यक शिकू शकतो, पण शिकवू शकत नाही, या समजुतीला दिलेले ते उत्तर होते. अशा संस्थेत वाढलेल्या तरुणाच्या मनात, बाहेर जे होते ते इथेही झाले पाहिजे, ही ईर्षा रुजली असल्यास नवल नाही. सेन काही काळ अमेरिकेत शिकून आले, परतले आणि पुन्हा त्याच महानगरपालिकेच्या रुग्णालयात रुजू झाले.

महानगरपालिकेचे रुग्णालय म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या वाचकांना समजावून सांगायला नको. पालघर, बोईसर, डहाणूपासून पहाटेची गाडी पकडून केईएमच्या केसपेपरच्या रांगेत उभी राहिलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी निघतील. सेन यांच्यापुढे येणारे रुग्ण असेच होते. गिरणी कामगार, कोकणातून आणि देशावरून आलेले गरीब लोक, लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप आखडलेल्या तरुण मुली. १९५० नंतरच्या दशकात सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा झडपा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. हृदय चालू असतानाच त्यात बोट घालून, केवळ स्पर्शाच्या भरवशावर झडप रुंदावायची, असे ते काम. यंत्रे थोडी, परदेशी सामान मिळणे कठीण, आणि रुग्णांची रीघ तर अखंड.

आता मी त्यांच्या ज्या कामाकडे वळतो ते हृदयरोपणापेक्षा कमी गाजले, पण माझ्या मते अधिक टिकले. त्याचा संबंध थेट मूत्रपिंडाशी आहे. केईएममध्ये काही तरुण रुग्ण, त्यांत मुली बऱ्याच, एका विचित्र तक्रारीने येत. डोके दुखते, दम लागतो. हातावर रक्तदाब मोजावा तर पारा वर चढतो, आणि पायाची नाडी मात्र हाताला लागत नाही. हृदयापासून निघून पोटाकडे उतरणारी जी मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महारोहिणी, तिचा मधला भाग सुजून आकसलेला असे. मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या फांद्याही त्यात चिमटल्या जात.

इथे मूत्रपिंडाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. आपल्या दोन मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर तेवढा मूत्र म्हणून बाहेर पडतो. बाकी सारा परत रक्तात. एवढे मोठे काम करणाऱ्या या अवयवाला रक्त कमी पडले की तो समजतो, साऱ्या शरीरातच रक्त कमी झाले आहे. मग तो रेनिन नावाचा पदार्थ सोडतो आणि त्यातून सुरू होणाऱ्या साखळीने साऱ्या शरीराचा रक्तदाब वाढतो. कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमटून रक्तदाब वाढतो हे अमेरिकेतील गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले होते. केईएमच्या या मुलींच्या बाबतीत तो चिमटा रोगाने लावला होता. गावातल्या नळाला पाणी येत नाही म्हणून पंप जोरात चालवावा, आणि दोष मात्र मधल्या दबलेल्या पाइपाचा असावा, तसा हा प्रकार.

सेन यांनी शरीरविकृतिशास्त्राचे अभ्यासक डॉ. किणरे आणि शल्यविशारद डॉ. परुळकर, डॉ. इंजिनिअर या सहकाऱ्यांसह १९६३ साली या विकाराचे सविस्तर वर्णन ब्रिटिश हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. महारोहिणीच्या मधल्या भागाचा हा लक्षणसमूह पुढे त्यांनी दिलेल्या नावानेच जगभर ओळखला जाऊ लागला. नंतर १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथही त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लिहिला. परळच्या वॉर्डात निमूट येणारी आणि निमूट जाणारी माणसे अशी जगाच्या वैद्यकग्रंथांत नोंदली गेली. शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात आणि मेल्यावर देहाची तपासणी करणाऱ्याची दृष्टी यांची इतकी जवळची मैत्री क्वचितच दिसते. सेन यांच्या कामाची हीच पद्धत होती. रुग्ण वाचला तर शिकायचे आणि गेला तरीही शिकायचे.

त्यांची कल्पनाशक्ती किती स्वैर पण किती शिस्तीची होती याचे एक उदाहरण देतो. आपल्या हृदयाच्या स्नायूला रक्त बाहेरून, त्याच्या पृष्ठभागावरच्या रोहिण्यांतून मिळते. त्या तुंबल्या की हृदयविकाराचा झटका. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत मात्र हृदयाचा स्नायू स्पंजासारखा असतो आणि हृदयाच्या कप्प्यातले रक्त त्याच्या फटींतून थेट झिरपते. आपल्या शेतांच्या बांधावर धामण दिसली की आपण काठी शोधतो. सेन यांना तिच्या जातीकडे पाहून विचार सुचला की माणसाच्या हृदयालाही अशा वाटा करून दिल्या तर? त्यांनी सुईने हृदयाच्या स्नायूत बारीक छिद्रे पाडण्याची पद्धत अवलंबली आणि १९६५ साली ती जगापुढे मांडली. पुढे अमेरिकेत हेच काम लेसर किरणांनी करण्यात आले आणि १९९० नंतर काही वर्षे त्याचा बराच बोलबाला झाला. केलेल्या वाटा पुढे बुजून जातात असे दिसून आल्यावर ती पद्धत मागे पडली. पण त्या वाटेची पहिली खूण म्हणून सेन यांचे नाव आजही घेतले जाते. कवीला उपमा सुचते तशी ही कल्पना सुचली असावी, असे मला नेहमी वाटते; फरक इतकाच की कवीची उपमा चुकली तर कोणी दगावत नाही.

म्हणूनच सेन थेट माणसावर कधी गेले नाहीत. हृदयरोपणाच्या आधी त्यांनी आणि त्यांच्या चमूने कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १९६५ साली अशा १०० प्रयोगांचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. बर्नार्ड यांचे नाव जगाला कळण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. म्हणजे परळची शस्त्रक्रिया ही केप टाउनच्या बातमीवर उठवलेली घाईची नक्कल नव्हती. तिच्यामागे वर्षांची तयारी होती. मुक्या जनावरांनी त्यासाठी प्राण दिले, हेही विसरता कामा नये.

त्याच वर्षी, मे १९६५ मध्ये, केईएममध्ये मृत व्यक्तीचे मूत्रपिंड जिवंत रुग्णाच्या शरीरात रोपण्याचा भारतातला पहिला प्रयत्न झाला. त्या रुग्णाच्या मूत्रपिंडाला कर्करोगाची गाठ होती. प्रयत्न यशस्वी ठरला नाही. आपल्या देशात जिवंत नातेवाइकाचे मूत्रपिंड घेऊन केलेले पहिले यशस्वी रोपण १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. परळ ते वेल्लोर ही सहा वर्षांची वाट. पण १९६५ च्या त्या प्रयत्नाने एक गोष्ट उघड केली. रक्तवाहिन्या जोडणे हा प्रश्नाचा सोपा भाग आहे, खरे काम त्यानंतर सुरू होते. रोपण ही एका शल्यविशारदाची कामगिरी नसते. रक्ततपासणी, औषधे, डायलिसिस, जंतुविरहित खोली, रात्रंदिवस जागणाऱ्या परिचारिका आणि शेवटी समाजाची मान्यता हे सारे तिला लागते.

आणि मग फेब्रुवारी १९६८. बर्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेला अडीच महिनेही झाले नव्हते. रुग्णाच्या हृदयाचा स्नायू पूर्ण थकला होता. दुसरा उपाय उरला नव्हता. शस्त्रक्रिया पार पडली, नवे हृदय बसले, आणि काही तासांत सारे संपले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेन यांनी दुसरे हृदयरोपण केले. तो रुग्ण पहिल्यापेक्षा काही तास अधिक जगला, एवढेच.

हे अपयश का आले, याचे उत्तर टाक्यांत नव्हते, फुप्फुसांत होते. दीर्घ आजारात या रुग्णांच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद झाल्या होत्या. त्यांचे स्वतःचे हृदय वर्षानुवर्षे त्या अडथळ्याशी झुंजत हळूहळू सरावले होते. दात्याचे निरोगी हृदय मात्र मोकळ्या वाटेची सवय असलेले. एकदम त्या बंद दारापुढे उभे केल्यावर त्याची उजवी बाजू थकून गेली. आज हृदयरोपणापूर्वी फुप्फुसांतला हा विरोध मोजतात आणि तो फार असेल तर नुसते हृदय बसवीत नाहीत. हा नियम जगभरच्या सुरुवातीच्या अशा मृत्यूंतून शिकला गेला, आणि त्या शिकवणीत परळच्या दोन रुग्णांचाही वाटा आहे.

त्या काळात जगात इतरत्र काय चालले होते तेही पाहावे, म्हणजे न्याय होईल. १९६८ या एका वर्षात जगभर शंभराच्या वर हृदयरोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण काही महिन्यांतच दगावले. १९७० नंतर बहुतेक रुग्णालयांनी हे काम थांबवले. शमवे यांच्यासारखे मोजके लोक चिकाटीने करीत राहिले. सायक्लोस्पोरिन हे औषध १९८० नंतरच्या दशकात वापरात आले तेव्हा कुठे चित्र पालटले. म्हणजे सेन हरले ते एकटे हरले नाहीत. तो साऱ्या जगाचाच पराभव होता, आणि तो तात्पुरता होता.

आणखी एक अडचण होती, आणि ती औषधांपेक्षा मोठी होती. हृदय काढायचे ते कोणाचे? ज्याचे हृदय धडधडते आहे तो मेला असे कसे म्हणायचे? मेंदू कायमचा मेला म्हणजे माणूस मेला, ही व्याख्या हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मांडली ती ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे परळच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी. आपल्या देशात तर कायदा नव्हताच. सेन ज्या जमिनीवर उभे होते तिचा नकाशा अजून काढायचा होता. मानवी अवयव रोपणाचा केंद्रीय कायदा १९९४ साली झाला, आणि तो ज्या पहिल्या राज्यांत फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. आता मेंदूमृत्यूचा निर्णय एका डॉक्टरच्या मर्जीवर राहत नाही. चार डॉक्टर तो ठरवतात. किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते. आणि रोपण करणाऱ्या चमूतल्या कोणालाही त्यात बसता येत नाही. हे सारे सेन यांच्या हयातीत नव्हते.

दुसऱ्या अपयशानंतर सेन यांनी हृदयरोपण पुन्हा केले नाही. पण त्यांनी घडवलेला विभाग आणि शिकवलेले विद्यार्थी काम करीत राहिले. स्वतः सेन कवितेत आणि चित्रांत रमले. शस्त्रक्रियेच्या खोलीत ज्याचा हात क्षणभरही कापून चालत नाही, त्याला कुंचला हातात घेतल्यावर कसले समाधान लाभत असेल, याची कल्पना मी करू शकतो. त्याचे वर्णन करण्याचे धाडस मात्र करणार नाही. १९८२ साली त्यांचे निधन झाले. दिल्लीतले यशस्वी हृदयरोपण पाहायला ते बारा वर्षांनी कमी पडले.

हे सारे मी ग्रंथालयात बसून वाचले, परंतु वाचण्याचे कारण घरचे आहे. माझी धाकटी आत्या कुंभवलीतच राहते. तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, तिचे रक्त यंत्रातून फिरून येते. पाणी मोजून प्यायचे. उन्हाळ्यात आमच्याकडे ताडगोळे येतात तेव्हा तिने नुसते सोलून आम्हाला द्यायचे. वडिलांचा रक्तगट तिच्याशी जुळत नाही, आजीचे वय झाले, आणि काकांना मधुमेह. तेव्हा मृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी तिचे नाव प्रतीक्षायादीत आहे. यादी म्हणजे काय ते मला तिच्यामुळे कळले. फोन वाजला की ती आधी कोणाचा आहे ते पाहते, आणि मग थोडी शरमते. कारण तिला हव्या असलेल्या फोनचा अर्थ कोणाच्या तरी घरी त्याच रात्री आकांत झाला, असा असतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या जवळच्या एका गावातला तरुण मुलगा मोटारसायकलच्या अपघातात सापडला. डोक्याला मार होता. मेंदू मेला असे डॉक्टरांनी सांगितले आणि घरच्यांना अवयवदानाविषयी विचारले. घरच्यांनी नकार दिला. मी त्यांना दोष देत नाही. छाती वरखाली होते आहे, अंग गरम आहे, आणि अशा वेळी अनोळखी माणसाने येऊन विचारावे, तर आईने काय उत्तर द्यावे? गावात मात्र लोक बोलले. माझ्या आत्यासमोरही कोणी तरी बोलले की त्यांनी हो म्हटले असते तर कोणाची तरी सोय झाली असती. आत्या तिथून उठली. दुसऱ्या दिवशी डायलिसिसचा वार नव्हता; ती त्या घरी भेटायला गेली, मुलाच्या आईजवळ बसली, आणि स्वतःच्या आजाराचा शब्दही काढला नाही. आपल्याकडे दधीचीची कथा सांगतात, पण तो ऋषी होता आणि स्वतःच्या देहाचा धनी होता. इथे प्रश्न मुलाच्या देहाचा आणि आईच्या संमतीचा असतो. तो कितीतरी अवघड आहे, हे आत्याला आमच्यापेक्षा चांगले कळले होते.

हे लिहिताना मला सेन यांच्या आयुष्याचा हिशेब वेगळा दिसू लागतो. त्यांच्यापाशी हात होता, विद्या होती, धाडस होते. त्यांच्यापाशी नसलेल्या तीन गोष्टी म्हणजे औषध, मोजमाप आणि कायदा. आज या तिन्ही गोष्टी आपल्यापाशी आहेत. परळला आता हा प्रश्न राहिलेला नाही की परक्याचे मूत्रपिंड टिकेल का. प्रश्न आता परळमधून निघून पालघर, बोईसर, कुंभवलीच्या घरांत आला आहे, आणि तो शल्यविशारदाला सोडवता येत नाही. अपघात व्हायच्या आधी, सारे धडधाकट असताना, जेवणाच्या पानावर बसून बोलण्याचा तो विषय आहे. अर्ज भरून ठेवला तरी अखेरचा शब्द घरच्यांचाच असतो; म्हणून नुसता अर्ज पुरत नाही, घरच्यांना ठाऊक असावे लागते. मी माझ्या आईला सांगितले आहे. ती त्या दिवशी काही बोलली नाही. आठवड्याने तिने आपणहून विचारले की डोळेही देता येतात का. देता येतात, असे मी सांगितले.

विद्यार्थी मित्रहो, आपण इतिहास शिकतो तेव्हा विजयांच्या सनावळ्या पाठ करतो. गड सर करणाराचे नाव राहते, आणि पहिल्या प्रयत्नात ज्याची शिडी तुटली त्याचे राहत नाही. वास्तविक दुसऱ्या माणसाची शिडी कुठे लावायची हे पहिल्याच्या पडण्यावरून ठरलेले असते. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी महारोहिणीच्या विकाराला नाव दिले, सापाच्या हृदयाकडून विद्या घेतली, १०० प्रयोग केल्यावरच माणसाच्या छातीला हात घातला आणि हरल्यावर आपली हार लपवली नाही. ती लिहून ठेवली, म्हणून पुढच्यांच्या उपयोगी पडली. त्यांच्या रुग्णाचे ते तीन तास वाया गेलेले नाहीत. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ते नाहीत, म्हणून निदान आपल्या वार्षिकाच्या या पानांवर ते असावेत, एवढ्याचसाठी हा लेख.